हिंदुरावची कळ

“...ते समदं खरं, माई. पन ह्याची कळ कुठं असती, तेवढं सांगा.”

हिंदुरावने डावा हात येसूमाईंच्या पुढे केला. उजव्या हाताच्या अंगठ्याने तो त्या हाताचं कोपर दाबत होता. बोलतानाही दाबणं थांबलं नव्हतं.

माई ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कशाची कळ?”

“ह्या दुखन्याची. हातातनं खांद्याला चढतंय. मदीच जबडा धरतोय. तळवा दाबला, मनगट दाबलं, बोटांची टोकं दाबली. दाबलं की जरा जातंय, आन् फिरून येतंय.”

“कवापास्नं?”

“लई दिवस न्हाई झालं...”

“दिवाळीपास्नं,” मागून त्याची बायको शालन म्हणाली.

हिंदुरावने वळून तिच्याकडे पाहिलं. ते बघणं काही कौतुकाचं नव्हतं.

माईंनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले आणि टरफल बाजूला.

हा हिंदुराव माईंचा जुना शिष्य. तासगावकडून द्राक्षांचा ट्रक घेऊन लांबलांबच्या बाजारांना जायचा. पूर्वी कधी डोकं धरून या टेकडीवरच्या मठात आला होता. माईंनी त्याला अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा दाबायला शिकवली होती. डोकं दुखायचं थांबलं आणि हिंदुराव पुन्हापुन्हा येत राहिला.

माईंची शिकवायची रीत साधी होती. आधी नखं कापायला लावायच्या. मग ज्याचा हात त्याच्याच हातात द्यायच्या. “दुसऱ्याचा हात मागनं धर, आदी आपल्या घरात काय चाललंय ते बघ,” म्हणायच्या.

हिंदुराव शिकला, आणि झपाट्याने शिकला. घरी टीव्हीपुढे बसला की पायाखाली लाटणं घेऊन फिरवायचा. त्यावरून शालनने एकदा घर डोक्यावर घेतलं होतं. गाडी ढाब्यावर लागली की केबिनमध्ये बसून तळव्यात हरभऱ्याचा दाणा दाबायचा. गुण यायचा. नाही असं नाही.

पुढे ढाब्यावर बाकीचे ड्रायव्हर हात पुढे करायला लागले. कुणाची मान, कुणाची कंबर. कुणीतरी त्याला ‘डॉक्टर’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. हिंदुरावने ते काढून टाकायची काही खटपट केली नाही.

“गाडी आन् अंग एकच,” तो सांगायचा. “कुठली कळ कुठं, एवढं ठावं पायजे. दाबली की दुखनं बंद.”

आज संध्याकाळी त्याची गाडी निघायची होती. माल भरून झाला होता. कलकत्त्याची वाट होती. शालनने हट्टच धरला, निघायच्या आधी माईंकडे चला. डॉक्टरकडे चला म्हणून ती दिवाळीपासून सांगत होती आणि ते त्याने ऐकलं नव्हतं. माईंचं नाव काढल्यावर मात्र तो तयार झाला. त्याला वाटलं, एखादी राहिलेली कळ माई दाखवतील. तिला काय वाटलं होतं, ते तिने सांगितलं नाही.

“चढन चढताना येतंय का?” माईंनी विचारलं.

“येतंय की. आत्ता पायऱ्या चढलो, तवाच आलं. बसलो की जातंय. त्याचं काय एवढं?”

“आत्ता हाय?”

“बारीक हाय. म्हून तर दाबतोय.”

माईंचा हात शेंगेवर थांबला.

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. पदराला हात पुसले. मग पुढे होऊन हिंदुरावचे दोन्ही हात धरले आणि आपल्या मांडीवर घेतले. म्हातारीची बोटं, पण पकड पक्की होती.

“माई, काय करताय?”

“काय न्हाई. बस.”

“कुठली जागा धरली ही?”

“कुठली बी न्हाई. नुसतं हात धरलेत.”

हिंदुराव बसला. पायाचा अंगठा हलायला लागला. मग खांदा हलला. हात सोडवून घ्यायची त्याची धडपड चालली होती, पण गुरूच्या हातून हात ओढून कसा घ्यायचा?

“माई, हात सोडा.”

“का?”

“दाबू दे की जरा. येतंय.”

“येऊ दे.”

“येऊ दे काय, माई...”

“कळ काढ जरा.”

शालनने खांबाला धरलं होतं.

...

हिंदुरावचा चेहरा बदलला. कपाळावर घाम आला. टेकडीवर वारा होता, सावली होती, तरी घाम आला.

“आता सांग,” माई हळू म्हणाल्या. “कुठं दुखतंय?”

“हातात...”

“नीट बघ.”

“खांद्यात...”

“आदी कुठं? हातात यायच्या आदी कुठं हुतं?”

हात माईंकडे होते, त्यामुळे बोट दाखवता येईना. त्याने मान खाली घातली आणि हनुवटीनेच छातीचा मधोमध भाग दाखवला.

“हितं,” तो म्हणाला.

त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

“कसं?”

“वझं ठेवल्यागत... माई, हे हितंच हुतं. पहिल्यापास्नं हितंच हुतं.”

शालन खांब सोडून पुढे आली.

माईंनी त्याचे हात सोडले नाहीत. पण पकड सैल केली. “शालन, मागच्या अंगाला ज्वारीची पोती उतरवाय जीप आलीया. जा, जीपवाल्याला म्हनावं पोती ऱ्हाऊ देत. तालुक्याला दवाखान्यात जायचंय, आत्ताच्या आत्ता.”

शालन पळत गेली.

हिंदुराव बसून होता. घाम पुसायलासुद्धा हात मागेना. बसल्या जागी दुखणं थोडं उतरलं असावं, कारण त्याला बोलायला सुचलं. आणि सुचलं तेही भांडण.

“पन तुमीच शिकवलं हुतं, माई. कळ दाबायची म्हून.”

“काय शिकवलं हुतं? म्हनून दाखव.”

“कळ सापडली की तिथं अंगठा ठेव...”

“आन्?”

“...आन् दाब.”

“त्याच्या आदी?”

हिंदुराव आठवायला लागला. डोळे बारीक केले. मग ते मोठे झाले.

“तिला इचार,” तो म्हणाला. “कळ सापडली की अंगठा ठेव, आन् तिला इचार, बाई का आलीस... मग दाब.”

“इचारलंस?”

“न्हाई.”

“का?”

हिंदुराव जरा ओशाळला.

“आमच्यात कळ म्हंजे बटन, माई. वायपरची कळ, दिव्याची कळ. मला वाटलं, तुमी बटनाचंच सांगताय. बटनाला कोन काय इचारतंय?”

माई हसल्या. तोंडात दात फारसे नव्हते, तरी हसू सगळ्या चेहऱ्यावर पसरलं. मग तसंच ते मावळलंही.

“माजीच चूक,” त्या म्हणाल्या. “म्या दुखन्याला कळ म्हनत ऱ्हायले, आन् तू बटनाला. दोगं एकाच गाडीत बसलो, आन् दोन गावांना गेलो.”

“मग ही इद्या खोटी का, माई?”

उत्तर द्यायच्या आत शालन परत आली. तिला धाप लागली होती. जीप वळवून घेतोय, म्हणाली. हिंदुरावचा प्रश्न तिच्या कानावर पडला होता.

“खोटी कशानं?” ती म्हणाली. “माज्या पोटात घाटात ढवळतंय, तवा मी मनगट धरती. उलटी हुयाची थांबती. माहेरी जाताना दर खेपेला करती मी.”

“ऐकलंस?” माई म्हणाल्या. “तिला ठावं हाय काय हुतंय. का हुतंय ते बी ठावं हाय. घाट सरला की बरं हुनार, ते बी ठावं हाय. मग तिनं मनगट धरावं. तू काय धरलं हुतंस, ते तुला ठावं हुतं?”

हिंदुरावने मान हलवली. नाही.

...

मठाच्या मागून जीप चालू झाल्याचा आवाज आला.

हिंदुराव उठायला लागला आणि मध्येच थांबला.

“पन माल...” तो म्हणाला. “माल भरलाय, माई. आज न्हाई निघालो तर नासंल. द्राक्षं काय थांबत न्हाईत. जाऊन येतो आन् मग दाखवतो. कलकत्ता करून...”

“माल नासंल,” माई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. जा म्हणाल्या नाहीत, की थांब म्हणाल्या नाहीत.

शालन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी वर्षं ती माणसांत नवऱ्यापुढे असा आवाज चढवून बोलली नव्हती.

“नासू दे,” ती म्हणाली. “सगळी गाडी नासू दे. रस्त्यावर वता ती द्राक्षं. मला तुमी पायजे. तिकडं लांब कुठंतरी गाडीत गप झाला, तर मी कुनाला हाका मारू? मला तर त्या गावांची नावं बी ठावं न्हाईत.”

आणि ती रडायला लागली. पदर तोंडाला लावायचंही तिला सुचलं नाही.

हिंदुराव तिच्याकडे बघत राहिला. दिवाळीपासून ती हेच सांगत होती बहुतेक. तेव्हा त्याला ती कटकट वाटली होती.

त्याने खिशातून ट्रकची किल्ली काढली. हातात धरून जरा वेळ बघितली. मग ती शालनच्या हातात ठेवली.

“दिनकर ड्रायव्हरला फोन लाव,” तो म्हणाला. “म्हनावं, दवाखान्यात येऊन किल्ली घे आन् ही खेप तू ने. ब्रेक जरा लांबनं दाब म्हनावं, नवीन घातल्यात.”

शालनने किल्ली कनवटीला खोचली आणि नाक पुसलं.

माईंनी त्याला धरून मठाच्या मागे नेलं. एका बाजूने माई, दुसऱ्या बाजूने शालन. वाट सपाट होती. तरी माई त्याला पावलापावलाला थांबवत होत्या. हिंदुरावला ते आवडत नव्हतं, पण तो थांबत होता.

जीपपाशी आल्यावर तो सवयीने उजव्या बाजूला गेला आणि स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं. आतला जीपवाला दचकला.

“तिकडं कुठं?” शालन म्हणाली. “मागं बसा.”

हिंदुराव मागे बसला. आयुष्यात पहिल्यांदाच मागे बसल्यासारखा अवघडून बसला. शालन त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला.

जीपवाल्याने गिअर टाकला.

“माई...” हिंदुरावने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. त्याचा गर्व उतरला होता. आता तो खरंच विचारत होता. “वाटंत परत कळ आली, तर काय दाबू?”

माई पुढे आल्या. त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसला.

“तू काय बी दाबू नगंस,” त्या म्हणाल्या. “जीपवाल्याला म्हन, हॉर्न दाब.”