राणीच्या खिडकीतली आमरी

एका राज्यात एक राजा होता. नाव पुष्करसेन. त्याने चार लढाया जिंकल्या होत्या, पण उभ्या आयुष्यात एक रोप लावले नव्हते. रोपे लावायची ती राणी इरावतीने. ती वारली त्या दिवशी राजाने तिच्या दालनाला कुलूप घातले, कुऱ्हाड उचलली आणि तिची बाग तोडली. म्हणाला, "ती नाही, मग फुले कुणासाठी?"

शेवटचा आंबा कोसळला, तशी त्यातून यक्षीण बाहेर आली.

"राजा, झाडाने तुझे काय नेले होते? आजपासून तुझ्या राज्यात फूल उमलणार नाही. तुझ्या हातून आमरीचे एक रोप फुलेल, तेव्हाच शाप सुटेल. माझ्या वनातून तीन वेळा रोप निवड. तिसरेही मेले, तर तू या आंब्याचे खोड होशील."

फूल नाही म्हणून मध नाही, फळ नाही, शेंगेत दाणा नाही. कोठारे रिती होऊ लागली. राजा सात डोंगर ओलांडून यक्षिणीच्या वनात गेला. तिथे आमऱ्या, म्हणजे ऑर्किडची रोपे, फांद्यांवर वस्तीला होत्या, पाखरे बसावीत तशा. वेशीवर म्हातारा धनेश पक्षी राखणीला होता.

"काय हवे?"

"सर्वांत सुंदर."

"घे बापड्या," धनेश म्हणाला.

राजाने फुलांनी लवलेली आमरी उचलली. राज्याच्या सीमेवर पाऊल पडताच फुले गळाली. राजाने सोन्याच्या कुंडीत काळी माती भरली, रोप त्यात रोवले, दिवसातून पाच वेळा पाणी घातले. महिन्याभरात मुळांचा चिखल झाला आणि राजाच्या डाव्या हाताची बोटे लाकडाची झाली.

राणीची जुनी दासी तुंगा कुंडीत डोकावली. "महाराज, फांदीवर वारा खाणाऱ्या जिवाला आपण पुरलेत. वर बुडवलेतही."

"मला कुणी सांगितले नाही."

"आपण विचारलेत कुणाला?"

दुसऱ्या खेपेस राजाने सर्वांत दुर्मीळ आमरी मागितली. ढगांतल्या शिखरावरची, चंद्रासारखी पांढरी. या वेळी माती नव्हती, पाणी बेताचे होते. पण गच्चीवर दुपार तापली आणि रोप तव्यावरच्या पानासारखे करपले. राजाचा डावा हात खांद्यापर्यंत लाकूड झाला.

तिसऱ्या खेपेस धनेशाने विचारले, "आता काय हवे?"

राजा म्हणाला, "मला ठाऊक नाही."

"हे पहिले शहाणे उत्तर! सांग, तुझ्या घरी सकाळचे कोवळे ऊन कुठे येते?"

राजाला प्रत्येक किल्ल्याची चोरवाट पाठ होती, पण हे ठाऊक नव्हते. तो रिकाम्या हाताने परतला आणि तुंगेला घेऊन महाल धुंडाळू लागला. दरबारात अंधार. गच्चीवर आग. शस्त्रागारात उन्हाची तिरीपही नाही.

"एक दालन राहिले, महाराज."

"दुसरे शोध."

"दुसरे नाही. राणीसाहेब तिथे उगाच बसत नव्हत्या."

राजाने पहाटे कुलूप काढले. खिडकीत फणी होती, तशीच. सूर्य उगवला, ऊन फणीवर आले आणि चढायच्या आत सरले. खालच्या तळ्यावरून ओला वारा आला. ऊन जाईपर्यंत राजा तिथे बसून राहिला.

मग तो वनात गेला. फुललेल्या आमऱ्यांकडे पाहिलेही नाही. एकेका रोपाची मुळे बोटांनी चाचपली आणि एक साधे रोप निवडले: चार जाड पाने, टणक मुळे, फूल एकही नाही.

"हे कधी फुलेल?"

"त्यालाच विचार," धनेश हसला. "मुळे रुपेरी दिसली की पाणी, हिरवी दिसली की धीर. एवढेच शास्त्र."

राजाने तोडलेल्या आंब्याची एक ढलपी आणली. एका हाताने आणि दातांनी दोरा ओढून रोप तिच्यावर बांधले, ढलपी राणीच्या खिडकीत टांगली. तुंगा मदतीला सरसावली, तर मानेनेच नको म्हणाला.

एक वर्ष गेले. लोक म्हणत, राजा रोज काटकीपाशी हजेरी देतो. राजा मुळे पाही. कधी पाणी देई, कधी धीर धरी. एके सकाळी पानाच्या बगलेतून हिरवे टोक निघाले.

"आणखी एक मूळ," राजा म्हणाला.

"मूळ खाली वळते, महाराज. हे वर निघाले आहे."

एकविसाव्या दिवशी पहिली कळी उमलली. जांभळी, नखाएवढी. कुठूनशी एक मधमाशी आली. त्याच क्षणी राजाच्या लाकडी बोटांत रक्त सळसळले, शेताशेतांत तूर पिवळ्या फुलांनी भरली, मोहोराचा वास वेशीपर्यंत गेला. माणसे घराबाहेर धावली. नगारे आपोआप वाजू लागले.

आंब्याच्या बुंध्याला लाल पालवी फुटली होती. तिच्याशेजारी यक्षीण उभी होती. राजाच्या ओठांवर एकच प्रश्न आला: राणी परत येईल? तिने हळूच नकाराची मान हलवली.

"ठाऊक होते," राजा म्हणाला.

त्याने कुलूप आणि किल्ली तळ्यात टाकली. त्या दालनाचे दार पुन्हा कधी बंद झाले नाही. राज्यात ज्याला पहिली आमरी लावायची असे, तो आधी तिथे येऊन खिडकीतले ऊन पाही, मग रोप निवडी.

मुळाशी सुरू झालेली ही कहाणी फुलाशी पुरी झाली. राजाच्या खिडकीत ऊन आले, तसे तुमच्याही येवो.