एकशे एकविसावं नाव

जयकरसाहेबांच्या नौका क्लबात भिंतीवर जगभरच्या एकशे वीस क्लबांची यादी होती. तिथले सभासद इथे पाहुणे, इथले तिथे. बाकी कोणाला फाटकातून आत घेत नसत.

परवाच्या वादळात साहेबांची स्वतःची नौका दोर तोडून वाहून गेली. साहेब यादीतल्या पार कोलंबोपर्यंतच्या क्लबांना फोन लावत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या कोळीवाड्याचा पोशा नाखवा समुद्राच्या बाजूने येऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकला.

“तुमच्या मच्छीमार सोसायटीचं नाव आहे का यादीत?” साहेब गुरगुरले.

पोशाने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. “नाही साहेब. आमच्या यादीत तुमचंही नाही. मग आमच्या धक्क्याला बांधून ठेवलेली तुमची नौका सोडून देऊ का?”

नाखव्याचा चहा येण्याआधीच एकशे एकविसावं नाव चढलं, साहेबांच्याच अक्षरात.