चार शितांची बाग

एका राज्यात राजा होता वीरकेतू. हत्ती होते, घोडे होते, कोठारे भरलेली होती. हौस मात्र एकच, बागेची. आणि तीही दुसऱ्याच्या बागेची. त्याने सात राज्यांत सात चितारी धाडले. त्यांनी सात बागांची चित्रे काढून आणली आणि राजाने त्या महालामागे जशाच्या तशा उठवल्या. वर भोवती दोन पुरुष उंचीची भिंत घातली. बाग पाहायची ती राजाने आणि राजकन्या कनकलेखेने. तिसऱ्याने वासही घ्यायचा नाही. अशाने कुणाचे भले झाले आहे का? पण राजाला हे सांगणार कोण!

एके दिवशी भर दुपारी एक वाटसरू फाटकाशी आला.

"राजा, भूक लागली आहे. एक पेरू दे."

"बाग शोभेची आहे, खाण्याची नव्हे," राजा म्हणाला. "चालू लाग."

वाटसरूने काठी आपटली. तो होता जादूगार धूम्रकेश, आणि त्या सातांतली एक बाग त्याचीच होती. क्षणात साऱ्या बागेचे मीठ झाले. झाडे मिठाची, फुले मिठाची. झोपाळ्यावर राजकन्या बसली होती, तेथे आता एक साळुंकी बसली होती.

राजाने गुडघे टेकले. "मला उःशाप दे."

"तीन मुठी बी देतो," धूम्रकेश म्हणाला. "ज्याचे नाव घेऊन पेराल ते सात दिवसांत डवरेल. बाग अशी हवी की ती कोणत्याही बागेची नक्कल नसावी, आणि तिच्यापाशी आलेला कोणीही रिकाम्या हाताने जाऊ नये. साधली तर सातव्या दिवशी मुलगी मिळेल. पहिली फसली तर ती वस्तूंची नावे विसरेल. दुसरी फसली तर माणसांची, एक तुला मारायची हाक सोडून. तिसरी फसली तर ती हाकही जाईल आणि साळुंकी रानात जाईल."

एवढे बोलून तो धुळीच्या लोटात मिसळून गेला.

राजाने मोठमोठे कारागीर बोलावले. पण ज्याने बागा पाहिल्या, त्याच्या हातून कागदावर पाहिलेलीच बाग उतरे. राजा डोके धरून बसला. तेव्हा साळुंकी म्हणाली, "बाबा, केरबा माळ्याला बोलवा. त्याने जन्मभर बागेसाठी खत कालवले, तेही भिंतीबाहेर. आतली बाग त्याला ठाऊकच नाही."

केरबा आला. अंगावर माती तशीच होती. "महाराज, म्या बागा बघितल्या न्हाईत. आता बघू तरी काय?"

"बागा सोडून सगळे बघ," राजा म्हणाला.

केरबा बाजारात गेला. कासाराच्या दुकानात बांगड्यांचे चुडे मांडले होते, हिरवे, लाल, पिवळे. केरबाचे डोळे लकाकले. भिंतीच्या आतले मीठ उपसून त्याने पहिली मूठ पेरली ती गोल गोल, एका वेढ्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. बाग अशी फुलली की साळुंकीने आनंदाने शीळ घातली. पण वेढ्यांतून वाटच ठेवली नव्हती. मधल्या झाडांना पाणी घालायला जावे तर बाहेरची तुडवावी लागत. फळ मध्ये, माणूस बाहेर. सातव्या दिवशी मधून मीठ फुटले आणि बाहेरपर्यंत आले. साळुंकी झोपाळ्याकडे पाहत राहिली. त्याला काय म्हणतात ते तिला आठवेना.

केरबा रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी गल्लीतून चालताना त्याने मान वर केली. शेजारणीच्या अंगणात वाळवण पडले होते. पापडांच्या रांगा, कुरडयांची चक्रे, सांडग्यांचे ठिपके, आणि मधून राखणीला बसणारीची वाट. "वाटा पाहिजेत त्या ह्या!" म्हणत तो धावला. दुसरी बाग झाली. जिथे जावे तिथे वाट, जिथे पाहावे तिथे ऊन. सावलीचे मात्र एक पान नाही. पाचव्या दिवशी फुले करपली, सातव्या दिवशी मीठ झाली. राजाने साळुंकीला विचारले, "हा कोण आहे, ओळखतेस?" तिने केरबाकडे पाहिले, मान वाकडी केली आणि म्हणाली, "बाबा." तिच्याकडे आता तेवढाच शब्द उरला होता.

राजाच्या डोळ्यांना धार लागली. केरबाला तर जमीन पोटात घेईल तर बरे असे झाले.

घरी त्याची बायको गोजरा वाट पाहत होती. जिभेने तिखट, मनाने लोणी. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आवं धनी, वाळवण बघून बाग केली अन् ती वाळली, यात नवल ते काय? हातपाय धुवा. आधी जेवा."

तिने ताट वाढायला घेतले. माथ्याला चिमूटभर मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे वांग्याची भाजी, भोपळ्याची भाजी. मधोमध भाताची मूद, वर पिवळे वरण. केरबा बघतच राहिला. चाळीस वर्षे तो या ताटात जेवत होता आणि त्याने ते आज पाहिले.

"गोजरा, चटणी डावीकडंच का गं?"

"थोडं लागतं ते डावीकडं. पुन्हा पुन्हा मागायचं ते उजव्या हाताशी. एवढंही ठावं न्हाई?"

केरबा उष्ट्या हाताने उठला तो थेट राजवाड्यात. तिसरी मूठ त्याने तशीच पेरली. माथ्याला मोगऱ्याचा लहानसा ताटवा, मिठाएवढाच. डावीकडे लिंबू, मिरची, पुदिना, कोथिंबीर. उजवीकडे वांग्याचे वाफे, भोपळ्याचे सावलीचे मांडव, पेरूची झाडे. मधोमध पांढऱ्या शेवंतीची मूद आणि वर झेंडूचे वरण. बाग डवरली. राजा हसला, कितीतरी दिवसांनी.

सातव्या दिवशी सकाळी पानांच्या कडा पांढऱ्या पडल्या.

केरबा धावत घरी आला. गोजराने त्याला पानावर बसवले, पण कशावर बसलो याचे त्याला भान नव्हते. त्याने घास उचलला. गोजराने त्याचे मनगट धरले.

"थांबा. ताटाभोवती पाणी कोण फिरवणार? अन् बाहेर ठेवायची चार शितं? मुंगीपाखरांचं काढल्याबिगर जेवायला कधीपासनं लागला तुम्ही?"

केरबाने घास खाली ठेवला.

राजापुढे उभा राहून तो म्हणाला, "महाराज, ताट वाढलं, पर बाहेर कुणाचं काढलं न्हाई. भिंत पाडावी लागंल. भिंतीच्या जागी पाणी खेळवायचं, अन् पाण्यापल्याड, वाटेच्या कडंला, चार वाफे. जो येईल त्याचे."

"सगळी भिंत?" राजा म्हणाला. ती भिंत त्याची शान होती. त्याचे पाऊल उचलेना. मिठाची रेघ देठापर्यंत आली.

साळुंकी त्याच्या खांद्यावर बसली. तिला भिंत आठवत नव्हती, बागही आठवत नव्हती. ती एवढेच म्हणाली, "बाबा."

राजाने स्वतः पहार उचलली. मग प्रधानाने उचलली, मग सारे नगर धावून आले. दुपारपर्यंत भिंत आडवी झाली, पाटाचे पाणी बागेभोवती फिरले. केरबाने बागेतली चार पेरूची रोपे मुळांसकट काढून वाटेच्या कडेला लावली. लावता लावता ती वाढली, डवरली आणि त्यांना फळे धरली.

इतक्यात काठी टेकत एक वाटसरू आला. कुणाला विचारले नाही, सवरले नाही. वाटेवरचा पेरू तोडला, तिथेच सावलीत बसून खाल्ला, तोंड पुसले आणि म्हणाला, "अन्नदाता सुखी भव."

पानांवरचे मीठ झरझर विरघळले. राजाच्या खांद्यावरची साळुंकी उतरली ती माणसाच्या पावलांनी उतरली. कनकलेखा उभी होती. सगळे श्वास रोखून पाहत होते की ती काय बोलते. तिने भोवती पाहिले आणि म्हणाली, "बाबा, केरबाकाकांना पाणी द्या. किती दमलेत ते. आणि मला तो वरचा पेरू."

वस्तूही आठवली, माणूसही आठवला. राजाला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. वळून पाहतात तो वाटसरू नाहीसा झालेला.

ताटाची युक्ती गोजराची हे कळल्यावर राजाने तिला बोलावून विचारले, "बाई, काय देऊ?"

"भिंतीचे दगड द्या," ती म्हणाली. "परसातली चूल कलंडलीय कधीची."

चूल बसली. त्या राज्यात आजही नवी बाग करायची तर आधी कुंपणाबाहेर चार रोपे लावतात, मग आत. कथेचे ताट इथे रिकामे झाले; ताटाबाहेरची चार शिते ऐकणाऱ्यांची.