चुलीपुढची समाधी

"नऊ वर्षं मी डोळे मिटून बसतो आहे. मग भाकऱ्या थापणाऱ्या बाईला माझ्या आधी समाधी कशी लागली?"

विद्याधरनं पाटीवर एवढं लिहिलं आणि ती केशवगिरी महाराजांपुढं ठेवली.

चातुर्मासात त्या मठात कुणी बोलत नसे. जे विचारायचं ते पाटीवर. विद्याधर पूर्वी कॉलेजात संस्कृत शिकवायचा, त्यामुळं त्याचं अक्षर सुवाच्य असायचं आणि रागसुद्धा शुद्धलेखनासकट यायचा. मौनाचा तर त्याला भारी अभिमान. नऊ चातुर्मासांत ठेच लागली तरी त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं नव्हतं.

महाराजांनी वाचलं आणि खाली एकच शब्द लिहिला : कोण?

विद्याधरनं लिहिलं : गोदाक्का. नजर स्थिर, देहभान नाही. तव्यावर भाकरी जळाली तरी हलल्या नाहीत. मी फूल वाहून आलो.

महाराज उठले. सत्तरीचे, गुडघे धरलेले... पण मुदपाकखान्याकडं ते चक्क धावत गेले.

गोदाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर विद्याधरनं वाहिलेलं जास्वंदीचं फूल. भाकरीचा कोळसा होऊन चूल विझली होती.

"आक्का, हसा बघू," महाराज म्हणाले.

तीन महिन्यांत त्या मठात उच्चारलेले हे पहिले शब्द. पाटी घेऊन मागून आलेला विद्याधर उंबऱ्यातच थबकला. महाराजांचं मौन मोडलं!

आक्का हसल्या, पण अर्ध्याच. ओठांचा उजवा कोपरा ओघळला होता, तो तसाच राहिला.

"दोन्ही हात वर करा."

डावा वर गेला. उजवा परातीत पडला तो पडलाच.

"माझं नाव सांगा."

आक्कांनी काहीतरी सांगितलं. त्याला शब्द म्हणवेना. ते त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

विद्याधर तीर्थाची पळी घेऊन पुढं झाला. महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

"तोंडात काही घालू नकोस, ठसका लागेल. लकवा आहे हा. दारात दुधाची गाडी आली असेल, थांबव तिला."

विद्याधरनं घाईघाईनं पाटी वर धरली : महाराज, मौन!

महाराजांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते आक्कांना उचलायला वाकले होते.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचायला सव्वादहा झाले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मेंदूचा फोटो काढायला आक्कांना आत नेता नेता त्यांनी विचारलं, "यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं? किती वाजता?"

कुणी बोलेना...

"अहो, मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण त्या धड होत्या तेव्हापासून साडेचार तासांच्या आत. वेळच माहीत नसेल तर मी ते कसं देऊ? उलट रक्तस्राव व्हायचा."

महाराजांना वेळ ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती एकट्या विद्याधरला, आणि त्याची पाटी मठातच राहिली होती.

बोलावं तर मौन जाणार. मौनाचं एक वेळ सोडा, पण चारचौघांत हे उघडं पडणार की या शहाण्यानं बाईला मरणाच्या दारात पाहिलं आणि वर फूल वाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महाराज त्याच्याकडं बघत होते. रागानं नव्हे...

"सात," विद्याधर म्हणाला. तीन महिने न वापरलेला आवाज चिरकला. "सात वाजता त्यांनी मला पेज वाढली. मीठ बेताचं आहे ना, असं खुणेनं विचारलं. अगदी धड होत्या. साडेसातला पुन्हा गेलो तेव्हा तोंड वाकडं होतं. मी पाहिलं ते... पण मला वाटलं, समाधी. नमस्कार केला आणि नऊपर्यंत ध्यानाला बसलो. ध्यान कसलं, जळत होतो त्यांच्यावर."

डॉक्टरीणबाईंनी शेवटचं ऐकलंच नाही. 'सात' एवढं घेऊन त्या आत पळाल्या होत्या.

फोटोत रक्तस्राव दिसला नाही. अकराच्या आत इंजेक्शन दिलं गेलं. मग वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही, म्हणून दोघं बाहेर बाकावर बसले.

मठात चातुर्मासाला जो तो काही ना काही सोडायचा. कुणी कांदा, कुणी वांगं.

"आक्कांनी यंदा काय सोडलं होतं?" महाराजांनी विचारलं.

"रक्तदाबाच्या गोळ्या."

"तुला माहीत होतं?"

"मी पाटीवर 'धन्य' असं लिहून दाखवलं होतं त्यांना."



"आणि मी विचारलंच नाही," महाराज म्हणाले. "मौनात होतो."

विद्याधरला रडू आवरेना. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"माझे वडील असेच बसले होते, ओट्यावर. आम्ही त्यांची आरती केली."

"मग?"

"अकरा वर्षं अंथरुणावर होते. मुलांना हाकसुद्धा मारता यायची नाही त्यांना."

तिसऱ्या दिवशी आक्कांनी उजव्या हातानं चादर ओढून घेतली. जीभ अजून जडच होती. बोलणं सुधारायला महिने लागतील, व्यायाम रोज करावा लागेल, आणि गोळ्या स्वतःच्या मनानं कधीही बंद करायच्या नाहीत, मग सण असो की उपास, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

विद्याधर खाटेशी मान खाली घालून उभा होता. आक्कांनी त्याला डाव्या हातानं जवळ ओढलं.

"जे... जे... वलास?"

जेवला नव्हताच तो.

दाराबाहेर त्यानं महाराजांना गाठलं.

"मला प्रायश्चित्त सांगा."

"रोज सकाळी आक्कांना गोळी तू द्यायची. आणि 'बऱ्या आहात ना' म्हणून तोंडानं विचारायचं."

"चातुर्मासातही?"

"चातुर्मासात दोनदा."

विद्याधर घुटमळला. शिकलेला माणूस, शंका काही त्याला सोडेना.

"पण महाराज, पुन्हा कुणी असं बसलेलं दिसलं... तर समाधी कुठली आणि लकवा कुठला, हे मी ओळखायचं कसं?"

"ओळखत बसू नकोस," महाराज म्हणाले. "आधी दवाखाना गाठ. खरी समाधी असली, तर ती तिथल्या खाटेवरही मोडायची नाही."