ओळ संपते तिथे

"म्हणजे कार्यक्रमात त्या राहणार, असंच ना?"

सुवार्ताने विचारलं. शांतवन मास्तर पेटीच्या पट्ट्या पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण?"

"मालनमावशी. मास्तर, त्या किंवा मी. काय ते ठरवा."

मास्तरांनी पुढची पट्टी पुसायला घेतली.

मिरजेतल्या त्या गायनमंडळीचा नाताळचा कार्यक्रम पाच दिवसांवर आला होता. मंडळी म्हणजे कोण, तर ज्याला गावंसं वाटेल तो. केरळच्या नर्सबाईंनी मल्याळी गाणं शिकवलं होतं, गोव्याच्या बेकरीवाल्याने कोकणी. नूरभाईंकडे नाताळचं गाणं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या हाताने केलेला तंबोरा आणला होता. शेवटी होती एक अंगाई, दूरच्या बर्फाच्या मुलखातली. ती मास्तरांनीच मराठीत उतरवली होती. रसवंतीतला सोडला तर मंडळीत कोणी बर्फ पाहिला नव्हता, पण गात होते जिवाभावाने.

सुवार्ता पुण्याला चार वर्षं गाणं शिकून आलेली. आवाज खणखणीत, दमसास मोठा. आणि हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

मालनमावशी तिच्या शेजारी उभ्या राहत. आयुष्यभर त्यांनी शाळेत घंटा दिली होती. आता दम्याने बेजार होत्या. चार शब्द झाले की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढचे चार धरायचे.

"त्या शब्दाच्या मधेच श्वास घेतात," सुवार्ता म्हणाली. "ऐकवत नाही."

"तू कुठे घेतेस?"

"ओळ संपते तिथे. वहीत खूण आहे."

"बाकीचे?"

"तेही तिथेच. शिस्त आहे ती."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं.

"सगळे तिथेच श्वास घेतात... मग तेवढ्या वेळात गाणं कोण म्हणतं?"

प्रश्नच तिरपागडा, असं तिला वाटलं.

संध्याकाळी तालमीला सगळे जमले. मास्तरांनी मालनमावशींना हाक मारली.

"मावशी, कोपऱ्यावरून चहा घेऊन येता का? सावकाश या."

मावशी उठल्या आणि किटली घेऊन बाहेर पडल्या. सुवार्ताला बरं वाटलं. मास्तरांनी आपलं ऐकलं, असं ती धरून चालली.

"तू मागच्या बाकावर बस," मास्तर तिला म्हणाले. "आज गाऊ नकोस. ऐक."

अंगाई सुरू झाली. सूर पक्के होते, ताल चोख होता. पहिली ओळ संपली आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

गाणं थांबलं...

दुसरी ओळ आली. पुन्हा तेच. अंगाई ओळीओळीला ठेचकाळत होती. असल्या गाण्याने कुठलंही मूल झोपलं नसतं, उलट दचकून उठलं असतं.

मालनमावशी आल्या. किटली ठेवली, पदराने हात पुसले आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

ओळ संपली. सगळ्यांनी श्वास घेतला. मावशींनी तो आधीच मधे कुठेतरी घेऊन ठेवला होता. त्यांचा बारीक, किंचित थरथरता सूर त्या रिकाम्या जागेवरून एकटाच पलीकडे गेला, आणि पलीकडे सगळ्यांनी त्याला पुन्हा आपल्यात घेतलं.

गाणं कुठेच तुटलं नाही.

तालीम संपली. सुवार्ता पेटीजवळ आली.

"तरी शब्द मोडतो त्यांचा," ती पुटपुटली. सुंभ जळला, पण पीळ जाईना.

"मोडतो," मास्तर म्हणाले. आणि पेटी मिटली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती मावशींच्या शेजारीच उभी होती. चर्चचं आवार भरलं होतं. मल्याळी झालं, कोकणी झालं. लोक खूश होते. मग अंगाई.

शेवटच्या कडव्यात एक लांब सूर होता. तो सुवार्ता एकटी, एका दमात घ्यायची आणि तिची सगळी ऐट त्यातच होती. तिने सूर लावला. हवा कोरडी होती, समोर धूळ उडत होती. अर्ध्यात ठसका लागला. खोकला आवरता आवरता तिचे डोळे भरून आले, आणि आवाज गेला.

आता सगळ्यांसमोर फजिती, एवढंच तिच्या मनात आलं.

पण सूर चालूच होता...

मावशी गात होत्या. गाता गाताच त्यांनी एक हात सुवार्ताच्या पाठीवरून फिरवला. तिचा श्वास परत आला, तशी ती पुन्हा सुरात शिरली. समोर कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

टाळ्या चालू असताना तिने मावशींचा हात धरला.

"मावशी, आज तुम्ही मला सांभाळलंत."

"मी?" मावशी हसल्या. "अगं, मला दम कुठं पुरतोय? रोज तू गात असतीस, तेवढ्यात मी दम घेतो. तुझ्या जिवावर तर उभी हाय मी हितं."

महिनाभर सुवार्ता या बाईला ओझं समजत होती. आणि ती बाई महिनाभर तिचेच उपकार मानत होती.

आपल्याकडे आभारप्रदर्शनाशिवाय कार्यक्रम सुटत नाही, आणि आभार सुरू झाले की लोक खुर्च्या मागे सारू लागतात. ते काम बोलक्या माणसाचं, म्हणून सुवार्ताचं. ती माइकसमोर आली. हातात कागद होता. तो तिने वाचलाच नाही.

"मालनमावशी..." ती म्हणाली.

पुढचा शब्द निघेना. तिने पुन्हा तोंड उघडलं. मन इतकं भरून आलं होतं की नुसते ओठ हलले. खुर्च्यांचे आवाज थांबले.

मास्तर पेटीवरून उठले. सावकाश चालत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"दम खा जरा," ते म्हणाले. "तोवर आभार मी मानतो."