उंबरठ्यावरची खुर्ची

कुलगुरू डॉ. निंबर्गीकरांना गुणांची भारी पारख. विभागप्रमुखपदासाठी सारा महाराष्ट्र धुंडाळला, तेव्हा लायक माणूस सापडला तो नेमका त्यांच्याच घरात. जावई! तक्रार झाली, चौकशी समिती नेमावी लागली. साहेबांनी तिचं अध्यक्षपद स्वतःकडेच घेतलं. "माझ्याइतकं मला कोण ओळखतं?" असं म्हणाले. सदस्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. कुलसचिव तोडकरबाई तेवढ्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

चौकशीच्या दिवशी साहेब आले, तर त्यांची गुबगुबीत खुर्ची सभागृहाच्या ऐन उंबरठ्यावर. दोन पाय आत, दोन बाहेर.

"हा काय पोरखेळ, तोडकरबाई?"

"साहेब, नियम तुमचाच. ज्याच्यावर तक्रार, त्यानं बाहेरच्या बाकावर बसायचं. म्हाताऱ्या गद्रेसरांना तुम्ही तिथंच बसवलंत. अध्यक्षांनी मात्र आत बसायचं. तुम्ही तर दोन्ही आहात! कुठलाच मान कमी पडू नये, म्हणून मधोमध सोय केली."

सदस्यांना एकदम खोकला आला. व्हरांड्यात प्राध्यापकांची गर्दी जमली. साहेब लालबुंद झाले.

"अहो, चौकशी गुप्त असते! खुर्ची मध्ये असल्यावर दार लागणार कसं?"

"लागेल की," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी तक्रारीचं उत्तर द्यायला बाहेर बसा, लगेच लागेल."

साहेबांनी आत पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. दार लागलं.

आत नव्या अध्यक्षांसाठी चहा गेला. बाहेरच्या बाकावर चहा द्यायचा नाही, हा नियमही साहेबांचाच होता.