परत पाठवलेल्यांची वही

एकदा एक शिष्य कारभार शिकण्यासाठी नदीकाठच्या गावातील वृद्ध कारभाऱ्याकडे येऊन राहिला. तीन दिवसांत त्याचे सगळे नियम पाठ झाले. घाटाची सातवी पायरी बुडाली की होडी बंद, हा त्यातलाच एक.

चौथ्या दिवशी सातवी पायरी बुडाली, आणि नेमकी तेव्हाच तापाने फणफणलेलं मूल पोटाशी धरून एक बाई धावत आली. वैद्याचं घर पलीकडच्या तीरावर. "दादा, एकच खेप करा हो!"

शिष्याने पाण्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे. मग तो होडीचा दोर सोडायला धावला. (मीही सोडलाच असता, म्हणून तर माझ्या हाती कुणी घाट देत नाही.)

वृद्धाने त्याचा हात धरला. "होडी जाणार नाही." आणि त्याच दमात बाईला म्हणाला, "पोरी, वैद्य इकडेच आहे. आषाढ लागल्यापासून धर्मशाळेत राहतोय."

बाई थबकली. "तो? तो तर तुमच्या गुडघ्यांसाठी आणलाय म्हणतात!"

"गुडघे थांबतील. तू पळ!"

शिष्य मुलाला उचलून तिच्यापुढे धावला. काढा पोटात गेला, तरी तो दाराशी येरझाऱ्या घालतच राहिला. संध्याकाळी ताप उतरला, मुलाने आईचे केस ओढले, तेव्हा कुठे तो परतला.

वृद्ध एका वहीत त्या बाईविषयी लिहीत होता. पुठ्ठ्यावर अक्षरं होती : परत पाठवलेले.

"गुरुजी, तिचं काम तर झालं की!"

"गेल्या पावसाळ्यात आजारी लेकरं घेऊन नऊजणी या घाटावरून परत गेल्या. त्यांतल्या दोघींच्या कडेवर पुन्हा लेकरू दिसलं नाही. ही वही वाचूनच वैद्याला इकडे आणला. पण आज ही घाटाकडे का धावली? वैद्य कशासाठी आणलाय ते मी गावाला सांगितलंय, असं मला वाटत होतं. गावात पोचले ते माझे गुडघे."

शिष्याला हसू आलं नाही.

"दया होडीवाल्यालाही असते, बाळ. नियम पोपटालाही पाठ होतात. आपला पेशा त्यापुढे सुरू होतो. आपण 'नाही' म्हटल्यावर माणूस कुठे जातो, ते शोधायचं. आणि पुढच्याला ते ऐकावंच लागू नये, अशी तजवीज पाणी चढण्याआधी करायची."

शिष्याने वही मिटली, कोपऱ्यातला डफ उचलला आणि दवंडी द्यायला स्वतःच निघाला.

'नाही' म्हणून दार लावून घेणं मला चांगलं जमतं. दाराबाहेरचा माणूस मग कुठे गेला, हे विचारायला मात्र मी अजून शिकतेच आहे.